‘मधे काहीच नाही’ असं म्हणू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेच्या सहलीवरचा लेख वाचला. नायगारा, न्यूयॉर्क, ग्रँड कॅनियन, लास व्हेगास, सगळी माहिती नीट दिली आहे. पण शेवटी एक वाक्य आहे, की शिकागो आणि डेन्व्हरच्या मधे पाहण्यासारखं काही नाही, तेवढा पट्टा विमानानंच ओलांडावा. हे पत्र त्या वाक्यासाठी आहे. त्या ‘काही नाही’मधून आम्ही नवरा-बायको गेल्या सप्टेंबरअखेर अकरा दिवस गाडीनं फिरलो. आणि फिरता फिरता मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलेली एक गोष्ट चुकीची असल्याचं कळलं. माझे विद्यार्थी आपलं वर्तमानपत्र वाचतात, म्हणून तेही इथंच सांगते.

मी जालना जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर एकतीस वर्षं शिक्षिका होते. हे कृषी खात्यात कृषी सहायक होते. मुलगा शिकागोजवळ नेपरव्हिलला असतो. आमची ही तिसरी खेप. आधीच्या दोन खेपांत सगळे पाहतात ते आम्हीही पाहिलं. या वेळी मुलानं विचारलं, ‘‘बाबा, कुठं जायचं?’’ यांनी क्षणाचाही विचार केला नाही. म्हणाले, ‘‘कार्व्हरच्या गावाला.’’

गुलामीत जन्मलेला अमेरिकेतला कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी वाचकांना नव्यानं सांगावा लागत नाही. वीणा गवाणकर यांनी लिहिलेलं त्याचं चरित्र ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं आणि घराघरांत गेलं. माझ्या चौथीच्या वर्गात शनिवारची सकाळची शाळा असली की शेवटच्या तासाला मी त्यातलं थोडंथोडं वाचून दाखवायची. गुलाम आईच्या पोटचं तान्हं मूल, दरोडेखोरांनी माय-लेकरू दोघांना पळवलेलं, मालकानं मोबदल्यात घोडा दिला आणि मूल तेवढं परत मिळालं. इथवर आलं की दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, ‘‘बाई, मग त्याची आई सापडली का?’’ मी म्हणायची, पुढच्या शनिवारी बघू. पुढच्या शनिवारी मी पुढचं पान वाचायची.

मुलाला आम्ही दोघांनीच जाणं पसंत नव्हतं. यांचं वय सदुसष्ट, त्यात तिथं स्टिअरिंग डावीकडं आणि गाड्या उजवीकडून. यांनी जालन्याहून निघतानाच आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला होता, म्हणजे बेत आधीपासूनचाच होता. चार दिवस रोज सकाळी एका चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये सराव केला. मी दशम्या, मेतकूट, दाण्याची चटणी, लोणच्याची बरणी असं बांधून घेतलं आणि आम्ही इंटरस्टेट ८० ला लागलो.

मिसिसिपी नदी ओलांडली की आयोवा राज्य लागतं. शिकागोहून त्याच्या राजधानीला, डी मॉइनला, जवळजवळ साडेतीनशे मैल आहेत आणि वाटेत दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. लेखकाला हेच ‘काही नाही’ वाटलं असणार. पण मराठवाड्यातल्या माणसाला सोयाबीन म्हणजे काही नाही, असं कसं वाटेल? आपल्याकडं काढणी चालू होते त्याच दिवसांत तिकडंही होते. पानं गळून शेंगा खडखड वाजत होत्या. चाळीस फुटी तोंडाचं एक हार्वेस्टर धुरळा उडवत चाललं होतं, आत एकटा माणूस, आणि क्षितिजापर्यंत दुसरं कुणी दिसत नव्हतं. हे सारखे गाडी कडेला घ्या-घ्या करत होते आणि चालवतही तेच होते. शेवटी एका गावाशी उतरलो. गाव यायच्या आधी दोनच गोष्टी दिसतात, उंच पाण्याची टाकी, तिच्यावर गावाचं नाव, आणि धान्य साठवायचे प्रचंड उंच कोठे. बऱ्याच कोठ्यांवर ‘को-ऑप’ लिहिलेलं. शेतकऱ्यांनीच मिळून उभारलेले. सहकार म्हटलं की आपल्याला साखर कारखाने आठवतात, इथं मका आणि सोयाबीन.

डी मॉइनमध्ये नदीकाठी जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाची दगडी इमारत आहे. तिथं आता वर्ल्ड फूड प्राइझचं, म्हणजे जागतिक अन्न पारितोषिकाचं दालन आहे. हे रोज उघडं नसतं, आधी दिवस बघून जावं. हरितक्रांतीचे नॉर्मन बोरलॉग मूळचे आयोवाचे, त्यांनी १९८६ मध्ये हे पारितोषिक सुरू केलं. पहिलंच, १९८७ चं, आपल्या एम. एस. स्वामिनाथन यांना. १९८९ चं वर्गीस कुरियन यांना. मी पुढं चालले होते तेवढ्यात हे मागून ओरडले, ‘‘अगं, इकडं ये! जालना!’’ १९९८ चं पारितोषिक बद्रीनारायण बारवाले यांचं. जालन्यात १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी काढणारे. आमच्या गावच्या दुकानात ज्यांच्या बियाण्याच्या पिशव्या लटकलेल्या असायच्या, त्यांचं नाव आयोवात. तिथल्या बाईंना यांनी मोबाइलवर जालन्याचा नकाशा काढून दाखवला.

तिथून एम्सला आयोवा स्टेट विद्यापीठ फक्त पस्तीस मैलांवर. कार्व्हर इथं १८९१ मध्ये आला, पदवी घेतली, पदव्युत्तर पदवी घेतली आणि १८९६ मध्ये दक्षिणेला, अलाबामातल्या टस्कीगीच्या संस्थेत शिकवायला गेला. इथं यांनी मला जी साखळी सांगितली ती मला आधी माहीत नव्हती. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाचा लहान मुलगा कार्व्हरबरोबर रानात झाडं ओळखत फिरायचा. तो हेन्री वॉलेस. पुढं त्यानं संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली, १९३३ मध्ये अमेरिकेचा कृषिमंत्री झाला, मग उपराष्ट्राध्यक्ष. १९४० मध्ये तो मेक्सिकोला गेला, तिथली शेती पाहून आला, आणि त्यातून तिथं जो संशोधनाचा कार्यक्रम उभा राहिला त्यात १९४४ मध्ये बोरलॉग रुजू झाले. तिथला बुटका गहू साठच्या दशकात भारतात आला. म्हणजे लहानपणी रेशनवरचा मिलो खाल्लेले आम्ही, आणि आमची मुलं जो गहू खाऊन मोठी झाली त्याचं एक मूळ या विद्यापीठाच्या मागच्या गवतात होतं. हे सगळं यांनी मला कार्व्हर हॉलबाहेरच्या बाकावर बसून सांगितलं. चाळीस वर्षांच्या संसारात हे इतकं सलग बोललेले मला आठवत नाहीत.

आम्ही त्याचं आयुष्य शेवटाकडून सुरुवातीकडं वाचत निघालो होतो. एम्सच्या आधी इंडियनोला. इथल्या सिम्प्सन कॉलेजात तो १८९० मध्ये चित्रकला शिकायला आला. फी भरल्यावर हातात दहा सेंट उरले. पाच सेंटचं मक्याचं पीठ, पाच सेंटची चरबी, आठवडा त्यावर काढला. नंतर लोकांचे कपडे धुऊन शिकला. त्याची चित्रकलेची शिक्षिका एटा बड. तिचे वडील एम्सला फलोत्पादनाचे प्राध्यापक. तिनंच ओळखलं की या मुलाचा हात झाडाच्या चित्रापेक्षा झाडाला जास्त लागलाय, आणि त्याला एम्सला धाडलं. शिक्षिकेनं आपला विद्यार्थी आपल्या विषयातून बाहेर पाठवायचा, हे सोपं नसतं. मी केलेलं नाही.

इंडियनोलाच्या आधी तो विंटरसेटला राहायचा. लोक इथं छपराचे लाकडी पूल बघायला येतात, असे सहा पूल अजून उभे आहेत. त्यातल्या एकाकडं जाताना खडीच्या रस्त्यावर आमची गाडी पंक्चर झाली. स्टेपनी निघाली ती बारीक चाकाची, आणि यांना पाना सापडेना. मोबाइलला रेंज नाही. वीस मिनिटांनी एक पिकअप आला, त्यातून माझ्या थोरल्या दिरांच्या वयाचा माणूस उतरला. काही न विचारता गुडघ्यावर बसून त्यानं चाक बदललं. मग दोघं बांधावर उभे राहिले, म्हणजे तिथं बांध नसतो, रस्त्याकडेच्या गवतात. यांनी विचारलं, सोयाबीन किती पडलं? तो म्हणाला, एकरी साठ बुशेल. यांनी खिशातल्या पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. सोयाबीनचं बुशेल साठ पौंडांचं, म्हणजे सत्तावीस किलो. साठ बुशेल म्हणजे सोळा क्विंटल. आमच्याकडं एकरी आठ क्विंटल पडलं तर माणूस पेढे वाटतो. हे नुसते पावतीकडं बघत राहिले. मग तो शेतकरी जमिनीच्या खंडाबद्दल, खताच्या किमतीबद्दल, भाव आपल्या हातात नसतो याबद्दल बोलू लागला, आणि तो आवाज मात्र अगदी आमच्या गावच्या पारावरचा होता. एक वर्ष मका, एक वर्ष सोयाबीन, असा फेर तो धरतो. हे म्हणाले, ‘‘बेवड.’’ इंग्रजीत त्यांना तो शब्द सापडेना, म्हणून मातीत बोटानं गोल काढून दाखवला. त्याला कळलं.

तिथून त्याचं जन्मगाव, मिसुरीतलं डायमंड, तीनशेच्या वर मैल. मधला प्रवास मी सांगत नाही, कॅन्सस सिटीच्या रहदारीत आमचं एकमेकांशी बोलणं बंद होतं.

डायमंड छोटं गाव. गावाबाहेर कार्व्हरचं राष्ट्रीय स्मारक. १९४३ च्या जानेवारीत तो गेला आणि जुलैत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी या स्मारकाला मान्यता दिली. अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाच्या नावानं झालेलं हे पहिलं राष्ट्रीय स्मारक. प्रवेश फुकट. मी मनात केवढं काय धरून गेले होते. तिथं आहे काय, तर रान. झरा, तळं, पायवाट, पुरुषभर वाढणारं प्रेअरीचं गवत, दगडावर बसलेल्या मुलाचा पुतळा. आणि जिथं तो जन्मला त्या झोपडीच्या जागी जमिनीवर लाकडाची चौकट मांडलेली. बारा फूट बाय बारा फूट. बाकी भिंत नाही, छप्पर नाही. मी आत जाऊन पावलं मोजली, माझी पाच पावलं भरली. या पाच पावलांतून त्याला आणि आईला ओढून नेलं. मागं वळून बघितलं तर यांनी चौकटीबाहेर बूट काढले होते आणि मोज्यांवर उभे होते. आजूबाजूला एक अमेरिकन कुटुंब बघत होतं. मी काही बोलले नाही, मीही काढले.

आत संग्रहालयात रेंजरबाई भेटल्या. आम्ही महाराष्ट्रातून आलो, आमच्याकडं शाळेतल्या पोरांना कार्व्हर माहीत आहे, असं सांगितलं. मी माझी जुनी प्रत बरोबर नेली होती, खाकी कव्हर घातलेली, पानांच्या कडेला पेन्सिलीच्या खुणा. त्यांनी ती हातात घेऊन कितीतरी वेळ पानं उलटली. अक्षर एक कळत नव्हतं, पण मुखपृष्ठावरचा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. मी मोठ्या उत्साहानं म्हटलं, हाच तो पीनट बटरचा शोध लावणारा! त्या हसल्या नाहीत, दुरुस्तही घाईनं केलं नाही. म्हणाल्या, हे इथं रोज कुणीतरी म्हणतं, पण तो शोध त्याचा नाही. पीनट बटरच्या कृतीला एका कॅनडाच्या माणसानं १८८४ मध्येच पेटंट घेतलं होतं, तेव्हा कार्व्हर कॅन्ससात शाळेत होता. कार्व्हरच्या नावावर सगळी मिळून पेटंटं तीन, तीही सौंदर्यप्रसाधनं आणि रंगांची.

मला खरंच वाईट वाटलं. एकतीस वर्षं मी हे फळ्यावर लिहिलं. कुणी सांगितलं म्हणून लिहिलं, कुठं पडताळलं नाही.

मग त्यांनी आम्हाला सांगितलं की त्यानं केलं काय. दक्षिणेत कापसावर कापूस घेऊन जमीन मेली होती, वर बोंडातला भुंगेरा आला. कार्व्हरनं सांगितलं, चवळी लावा, भुईमूग लावा, रताळं लावा. द्विदल पिकाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र मातीत आणतात, मग त्यावर कापूस घ्या. पण शेतकऱ्याला विकतचं खत परवडत नव्हतं आणि अनेकांना वाचता येत नव्हतं. म्हणून १९०६ मध्ये टस्कीगीहून एक खेचरांची गाडी निघाली. जेसप नावाच्या न्यूयॉर्कच्या बँकरनं पैसे दिले म्हणून जेसप वॅगन. आत नांगर, बियाणं, लोणी काढायचं यंत्र. ती गावोगाव जायची, शेतात उभी राहायची, आणि शेतकऱ्यासमोर करून दाखवलं जायचं. शाळाच चाकावर. सोबत छोट्या पत्रिका, साध्या भाषेत. १९१६ च्या पत्रिकेत भुईमूग कसा पिकवावा आणि शेंगदाण्याचे १०५ खाद्यप्रकार. पहिलाच प्रकार शेंगदाण्याचं सूप, दूध, लोणी, पीठ आणि दाणे. आपली उपासाची दाण्याची आमटीच की, फक्त मिरची आणि आमसूल नाही.

मी यांच्याकडं पाहिलं. हे खिडकीजवळ पाठ करून उभे होते. १९८४ मध्ये नोकरीला लागले तेव्हा ‘ट्रेनिंग अँड व्हिजिट’ योजना होती. पंधरा दिवसांतून ठरलेल्या वारी ठरलेल्या गावी जायचं. लुनाच्या मागं परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या घडीपत्रिकांचा गठ्ठा सुतळीनं बांधलेला असायचा. निंबोळी अर्क कसा करायचा, बीजप्रक्रिया कशी करायची, कपाशीत तुरीची ओळ का घ्यायची. लोक चहा पाजायचे आणि पत्रिकेत भजी गुंडाळायचे. घरी आल्यावर हे म्हणायचे, ‘‘आज दोघांनी ऐकलं.’’ मला ते काम कधी कार्व्हरचं वाटलं नव्हतं. शनिवारी पोरांना कार्व्हर वाचून दाखवणारी मी, आणि कार्व्हरचं काम माझ्या घरात अंगणात लुना लावून हातपाय धूत होतं.

बाहेर सहलीच्या बाकांवर आम्ही डबा उघडला. दशमी आणि दाण्याची चटणी. यांनी चटणी खाण्याआधी बोटभर जमिनीवर ठेवली.

पुढचं थोडक्यात. डायमंडजवळच निओशो आहे, तिथल्या काळ्या मुलांच्या शाळेत जाण्यासाठी तो पोरवयात एकटा चालत गेला. तिथं मरिया वॉटकिन्स या बाईनं त्याला घरात घेतलं. कॅन्ससमधल्या फोर्ट स्कॉटला आम्ही संध्याकाळी पोचलो. १८७९ च्या मार्चमध्ये तिथं जमावानं एका काळ्या माणसाला मारलं, ते कार्व्हरनं डोळ्यांनी पाहिलं आणि तो गाव सोडून निघून गेला. तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा. छान विटांचे रस्ते आहेत त्या गावात. मला तिथं जेवण गेलं नाही. माझ्या लहानपणी आमच्या गावात पाणवठे वेगळे होते, ते मी घागर घेऊन पाहिले आहेत. उत्तरेला हायलंडला कॉलेजनं त्याला पत्रानं प्रवेश दिला होता आणि १८८५ मध्ये तो दारात उभा राहिल्यावर रंग बघून परत पाठवलं. ती जागा आम्ही परतीच्या वाटेवर पाहिली.

कॅन्ससातल्या मिनियापोलिसमध्ये, हे मिनेसोटातलं मोठं शहर नव्हे, सॅलिनाच्या उत्तरेचं लहान गाव, त्याचं हायस्कूल झालं. तिथं दुसरा एक जॉर्ज कार्व्हर होता, टपालात गोंधळ व्हायचा, म्हणून यानं मधे डब्ल्यू घेतला. माझ्या वर्गात एका वर्षी तीन गणेश होते, त्यामुळं हा प्रसंग मी नेहमी रंगवून सांगायची. त्या भागात आम्ही उतरलो ते मॉटेल एका गुजराती बहेनचं. त्या म्हणाल्या, गावची शाळा मुलं कमी म्हणून बंद झाली, आता मुलं बसनं तास तास प्रवास करतात. बंद शाळेच्या खिडकीतून मी आत बघितलं. फळ्यावर तारीख तशीच होती. आपल्याकडं कमी पटाच्या शाळा बंद करण्याचं जे चाललंय ते करणाऱ्यांनी एकदा असं गाव बघावं, दुकानंसुद्धा शाळेमागोमाग मिटतात.

बीलरला, जिथं त्यानं मातीच्या ढेकळांचं घर बांधून शेती करून पाहिली, तिथवर जायचं राहिलं. ते आणखी पश्चिमेला आहे आणि मुलाचे फोन वाढले होते.

दरवर्षी मुलांकडं जाणारे हजारो मराठी आईवडील तिकडं सहा सहा महिने असतात. दिवस दिवस खिडकीशी बसून असतात, हे मला माहीत आहे, मीही बसले आहे. शिकागोत, सेंट लुइसला, कॅन्सस सिटीला, मिनियापोलिसला ज्यांची मुलं आहेत त्यांना ही गावं एका दिवसाच्या, फार तर दोन दिवसांच्या वाटेवर आहेत. खर्च पेट्रोल आणि मॉटेलचा, बहुतेक ठिकाणी तिकीट नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात जावं, काढणी बघायला मिळते. स्टेपनी आणि पाना आधी तपासून घ्यावा.

आता माझ्या विद्यार्थ्यांसाठी. १९८८ ते २०१९ मध्ये माझ्या हाताखालून गेलेल्या ज्या कुणाच्या वहीत ‘कार्व्हर, पीनट बटरचा शोध’ असं लिहिलेलं असेल, त्यानं ते खोडून ‘फिरती शेतकी शाळा, १९०६’ असं लिहावं. तुमच्या मुलांनाही तसंच सांगावं. आणि जे मला शनिवारी विचारायचे, त्यांना उत्तर द्यायचं राहिलंय. तिचं नाव मेरी होतं. ती सापडली नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
जि. जालना